मागच्या खोलीतला माक्याच्या तेलाचा वास

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे खरोखर घडलं आहे. पनवेलमध्ये, एकोणीसशे अठ्ठावन्नच्या वैशाखात. आणि रात्री नाही... भर दुपारी.

सत्यवती ही डॉक्टर दाबक्यांची दुसरी बायको. पहिली, वेणू, तापाने गेली होती. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. सत्यवतीला ते बरंच वाटायचं.

डॉक्टरांना एकच ध्यास होता. काही माणसं साध्या वासाने आजारी का पडतात? मुंबईचे मोठे डॉक्टर म्हणायचे, हे मनाचे खेळ. दाबके म्हणायचे, दोष शरीरात आहे आणि तो मी दाखवून देईन.

जासईच्या मिठागरावरची चंद्रावती ही त्यांची सगळ्यात अवघड पेशंट. तिच्या घरात डासांच्या औषधाची फवारणी झाली आणि तेव्हापासून रॉकेल, साबण, रंग, कशानेही तिचा श्वास कोंडायचा. डॉक्टरांनी तिला आपल्याच घरात, मागच्या खोलीत ठेवलं. घरातले सगळे वास बंद केले.

फिनेल बंद. उदबत्ती बंद.

सत्यवतीचा गजराही बंद.

रोज दुपारी डॉक्टर चंद्रावतीचे डोळे बांधून एकेक बाटली तिच्या नाकाशी धरायचे. काही बाटल्यांत नुसतं पाणी असायचं.

"आता कसं वाटतंय? घशात होतंय की छातीत?"

किती मायेने विचारायचे! दाराआड उभ्या सत्यवतीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपल्याला कधी विचारलं होतं, डोकं दुखतंय का म्हणून?

त्या दुपारी पाण्याची बाटली पुढे आली...

चंद्रावती धापा टाकायला लागली.

"डाक्तर, तेलाचा वास येतो. माक्याचं तेल. कापूर घातलेलं."

"कुठून येतोय?"

"ती तुमच्या मागं उभी हाय ना... तिच्या केसांचा."

चंद्रावतीचे डोळे बांधलेले होते.

डॉक्टरांच्या मागे कोणीही नव्हतं.

बाटली त्यांच्या हातातून निसटून फुटली. "वेणू तेलात कापूर घालायची," ते पुटपुटले. सत्यवतीने ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर बाटल्या कपाटात गेल्या. डॉक्टर नुसते बसून राहायचे. "आली का? कुठे उभी आहे?"

'आली' म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा... आणि चंद्रावतीचे ओठ निळे पडायचे.

आता सत्यवतीला चंद्रावतीचा राग येईना. जिचा यायचा, ती तर दिसतही नव्हती.

"मना घरा जाऊ द्या, बाय," चंद्रावती एकदा तिचा हात धरून रडली. "मी मरन हितं."

सत्यवतीने नवऱ्याला परोपरीने सांगून पाहिलं. ते ऐकेनात. शेवटी ते व्हिजिटला गेलेले असताना तिने रहीमचा टांगा बोलावला आणि चंद्रावतीला जासईला पोचवून आली.

डॉक्टरांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. दुपारी रिकाम्या खोलीत एकटेच बसायचे.

दिवाळीनंतर सत्यवतीला राहवेना. त्या बाईचं काय झालं असेल? ती जासईला गेली.

चंद्रावती चुलीपाशी सुकट भाजत होती. घरभर धूर. कोपऱ्यात रॉकेलची चिमणी. आणि ही ठणठणीत!

"आता काय बी होत नाय बगा. या, बसा ना बाय."

सत्यवती उंबरा ओलांडून आत आली...

चंद्रावतीच्या हातातला कालथा खाली पडला. तिने पदर नाकाला लावला. भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकली.

"बाय... तिला संगं कशाला आनलंत?"

सत्यवती तशीच फिरली. वाटेत एकदाही तिने मागे पाहिलं नाही.

घरी आली तर डॉक्टर दारातच उभे. कित्येक महिन्यांनी ते हसले. पण सत्यवतीकडे बघून नाही...

तिच्या खांद्यामागे बघून.

पुढे आयुष्यभर ते तिच्याशी फार मायेने बोलले. शेजारणी हेवा करायच्या. सत्यवती मात्र प्रत्येक वेळी उत्तर द्यायच्या आधी थोडी थांबायची.

ते नक्की कोणाशी बोलतायत, हे तिला कधीच कळलं नाही.