सहावं वाक्य

त्या सकाळी मैनाताई स्टुडिओत आल्या त्या फक्त सहा वाक्यांसाठी. हातात गरम पाण्याचा थर्मास, पर्समध्ये लवंगांची डबी. तासाभरात परत येते, असं मुलीला सांगून निघाल्या होत्या.

मैना हे स्टुडिओतल्या लोकांनी ठेवलेलं नाव. खरं नाव बाहेर सांगायला लेखी बंदी. सव्वीस वर्षं पडद्यावर एका बड्या नटीनं ओठ हलवायचे आणि आवाज द्यायचा मैनाताईंनी. लोक त्या आवाजावर जीव टाकायचे. नटीला दोन मोठी पारितोषिकं मिळाली, दोन्ही वेळा तिनं स्टेजवर नुसते हात जोडले. "किती नम्र बाई!" म्हणून पेपरांनी डोक्यावर घेतलं. नम्र कसली डोंबलाची! तोंड उघडलं असतं तर बिंग फुटलं असतं. तिचा आवाज जाडाभरडा, घोगरा. आयत्या बिळावर नागोबा, असं मैनाताई मनात म्हणायच्या. मुलगी पाच वर्षांची असताना थिएटरात पडद्याकडे बोट दाखवून "आई!" म्हणून ओरडली, तेव्हा तिचं तोंड दाबावं लागलं होतं. ते त्या कधी विसरल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, अन्यायच झाला बिचारीवर. झालाच की! पण पुढचं ऐका.

ही सहा वाक्यं ज्यातली, त्या नटीच्या शेवटच्या सिनेमाच्या वेळी तिनं त्यांना जिन्यात गाठलं होतं.

"ताई, एवढा एक सिनेमा सोडा. तुम्ही नाही म्हणालात तर मला माझ्या आवाजात बोलू देतील. घरीसुद्धा बोलायची चोरी झालीय हो मला. लोक दचकतात."

"आणि मला नाव सांगायची चोरी, त्याचं काय?"

निर्मात्यानं या खेपेला पडद्यावर नाव द्यायचं कबूल केलं होतं. मैनाताईंनी काम सोडलं नाही. शूटिंग संपलं आणि पंधरा दिवसांत नटी झोपेतच गेली.

तर, दिवे मालवले गेले. आत जुन्या गालिच्याचा कुबट वास, कानांवर हेडफोन, समोर पडद्यावर ती. बाहेर टळटळीत ऊन असेल, पण तिथं दिवसरात्र सारखीच. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, नावाची पाटी तयार आहे बरं का. मोठ्या अक्षरात!"

मैनाताईंचे डोळे भरून आले. पाच वाक्यं त्यांनी एका दमात दिली. सहावं वाक्य नटी उंबऱ्यात उभी राहून म्हणत होती.

"मी निघते. दार लावून घे."

"ओके! संपलं," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

पण पडदा विझला नाही. नटी उंबऱ्यातच थांबली. मान वळवली, सरळ मैनाताईंकडे बघितलं... आणि तिचे ओठ हलले. सव्वीस वर्षांची सवय, ती का सुटते? तिनं श्वास घेतला की यांनी घ्यायचा. तिच्या ओठांबरोबर ओठ हलवत मैनाताई बोलून गेल्या,

"इतकी वर्षं तुम्ही... माझ्या तोंडानं बोललात. आता मी... तुमच्या."

आवाज जाडाभरडा होता. घोगरा.

त्यांनी हेडफोन ओढून काढला. पडदा काळा होता.

"पाणी प्या ताई, घसा बसलाय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याच्या लेखी पडदा केव्हाच बंद झाला होता. त्यानं सहा वाक्यं परत ऐकवली. गोड, नितळ. पुढं काहीच नव्हतं.

त्या गरम पाणी प्यायल्या, लवंग चघळली. "हं" म्हणून बघितलं. तोच घोगरा आवाज. धावत ऑफिसात जाऊन त्यांनी तिथल्या फोनवरून घरचा नंबर लावला. मुलीनं तरी ओळखावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"बाळा..."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी... आई."

पलीकडे मुलगी गोंधळून हसली. "आईशी बोलायचंय का? थांबा हं. ती आत्ताच आलीये, आतल्या खोलीत आहे."

"बाळा, नको... आत जाऊ नकोस..."

तेवढ्यात फोनमध्ये, लांबून, त्यांचाच आवाज आला. गोड, नितळ.

"कुणी का असेना, ठेव गं तो फोन. आणि दार लावून घे."