शिल्लक ताकद

सागरतळ प्रयोगशाळेतून निघालेली उत्थान-कुपी अरबी समुद्रातून मुंगीच्या पावलांनी वर येत होती. घाईने वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात, त्यामुळे इलाज नव्हता. आत पाणबुड्या सिल्वेस्टर बेशुद्ध होता आणि श्वासयंत्र बंद पडलेलं. तंत्रज्ञ अंबिका केरकर दोन तास त्याची श्वासपिशवी हाताने दाबत होती. डॉ. बोरवणकरांचा एक खांदा निखळलेला, दुसऱ्या हातात दहा मिनिटांतच गोळे आले होते. थकव्यावर वीस वर्षं संशोधन करणाऱ्याला हे शोभत नव्हतं, पण सांगतो कुणाला.

"सर, हात संपले माझे," अंबिका म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या हाताला चेता-परीक्षक लावून विजेचा झटका दिला. पिशवी एकदम खोल दाबली गेली.

"बघ, स्नायूंत ताकद आहे. तुझा मेंदूच आदेश आखडता घेतोय. पुढचा पल्ला लांब दिसला की तो ताकद राखून ठेवतो. शेवट जवळ आलाय असं पटलं, की सोडतो."

"मग झटकेच देत राहा ना."

"बॅटरी याच झटक्यात गेली."

"किती वेळ राहिलाय?"

खोलीमापक तिच्या पाठीमागे होता. त्याच्या काट्यानुसार अजून ऐंशी मिनिटं होती.

"वीस मिनिटं," डॉक्टर बेधडक म्हणाले.

वीस झाली, चाळीस झाली. खोटं उघडं पडलं की हात थांबणार आणि सिल्वेस्टर जाणार, या धास्तीने डॉक्टर सारखे घाम पुसत होते. पिशवी मात्र दबत राहिली. ही पोर कोणत्या मातीची आहे, असं त्यांना कौतुकाने वाटलं.

जहाजावर सिल्वेस्टरला नव्या श्वासयंत्राला जोडलं. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले.

"अंबिका, मी खोटं बोललो होतो," डॉक्टर म्हणाले.

"ठाऊक होतं. मापकाचा काटा तुमच्या चष्म्यात दिसत होता."

"मग माझ्या सिद्धांताप्रमाणे तुझे हात थांबायला हवे होते."

"का म्हणून? शेवट जवळ आहे असं पटवायचं, तुम्हीच म्हणालात. वीस मिनिटंसुद्धा लांबच की. मी दर दाबाला हातांना सांगायचे, बाबांनो, ह्यो शेवटचो."

मिनिटाला बारा दाब, ऐंशी मिनिटं. डॉक्टर एकाच खोट्याने घामाघूम झाले होते. या मुलीने नऊशे साठ वेळा तेच खोटं सांगितलं होतं, आणि हातांनी दर वेळी विश्वास ठेवला होता.