नऊ नंबरच्या तुकडीतला जास्तीचा माणूस

"ही नऊ नंबरचीच तुकडी ना?"

प्रश्न मागून आला, अगदी कानाजवळ आला, आणि त्रीनू दचकली. तिच्या एका हातात लांब दांड्याची नंबराची पाटी होती, दुसऱ्या हातात निळ्या प्लॅस्टिकच्या रेनकोटांचा गठ्ठा होता, आणि टालिन शहराच्या जुन्या वेशीखाली जहाजावरून उतरलेली माणसं तिच्याभोवती दाटीवाटीनं उभी राहून पावसाला नावं ठेवत होती.

"पाटीवर काय लिहिलंय?" तिनं न बघताच विचारलं.

"नऊ."

"मग वाचता येतंय की तुम्हाला! घ्या रेनकोट."

आणि मग तिनं वळून पाहिलं... उंच, भिजलेले केस कपाळाला चिकटलेले, आणि हसू येतंय पण हसायचं नाही असं ठरवून उभा असलेला चेहरा. त्रीनूनं त्याच्या हातात आणखी एक रेनकोट कोंबला.

"एक पुरे," तो म्हणाला. "मी दिसतो तेवढा जाडा नाही."

त्रीनूचे कान तापले. हे काय होतंय? गाइडचं काम धरल्यापासून तिचं असं कधी झालं नव्हतं. जहाजं सकाळी यायची, माणसं ओतायची, आणि संध्याकाळी तीच माणसं भरून निघून जायची. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं मनाशी नियम करून टाकला होता – माणसं मोजायची, चेहरे लक्षात ठेवायचे नाहीत. संध्याकाळी समुद्रात जाणारा चेहरा मनात ठेवून करायचं काय?

शिवाय मोजणीचीच तिला धास्ती होती. मे महिन्यात एक आजोबा चर्चच्या बाकावर झोपून गेले आणि बस त्यांना तिथेच टाकून निघाली होती. ऑफिसातल्या माइमूबाईंनी तेव्हा तिला समोर उभं केलं होतं. "त्रीनू, आणखी एकदा माणसांचा घोळ झाला ना, तर ही पाटी टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं." त्रीनूचा जीव होता त्या पाटीत. आपलं गाव रोज नव्या डोळ्यांना दाखवायचं, याहून चांगलं काम तिला दुसरं माहीतच नव्हतं.

तर नऊ नंबरची तुकडी चढावाच्या गल्लीत शिरली. दगडी फरशी पावसानं तुळतुळीत झाली होती, साखरेत परतलेल्या बदामांचा वास हवेत होता, आणि एकसारख्या निळ्या रेनकोटांमधून कोण कुठलं ते कुणालाच ओळखू येत नव्हतं. तो उंच माणूस सगळ्यात मागे चालत होता. त्रीनू प्रत्येक वळणावर मागे बघायची. कामच होतं ते तिचं... असं ती स्वतःला सांगायची.

"जपून, आजी, तिथली पायरी डुगडुगते," तो एका म्हातारीला म्हणाला. पायरी खरंच डुगडुगली. याला कसं माहीत? त्रीनूला नवल वाटलं, पण तेवढ्यात वरची बाग आली आणि तिला बोलावं लागलं.

"आणि याच बागेत, असं म्हणतात, डेन्मार्कच्या लोकांचा झेंडा आकाशातून पडला होता."

"आणि तुम्ही तो अजून परत दिला नाहीत," मागून आवाज आला.

सगळे हसले. त्रीनूनं कमरेवर हात ठेवला. "डॅनिश आहात वाटतं?"

"आस्गर. ऑर्हूसमध्ये होड्या दुरुस्त करतो. झेंडा न्यायला आलोय."

"मग रांगेत उभे राहा. तुमच्याआधी बरेच जण येऊन गेलेत."

"राहीन की. मला घाई नाही."

खाली उतरताना त्यानं बदामांचा कागदी कोन घेतला आणि तिच्यापुढे धरला.

"कामावर असताना खायची परवानगी नाही," त्रीनू म्हणाली.

"बरं. मी नुसता हात पुढे करून चालतो. तुम्ही चुकून घ्या."

तिनं चुकून घेतले. पुन्हा चुकून घेतले. गोड होते, गरम होते, आणि तिसऱ्यांदा तिची बोटं त्याच्या बोटांना लागली तेव्हा ती पाटी उंच धरून भराभर पुढे निघून गेली. अगं, काय चाललंय तुझं! संध्याकाळी जाणार आहे हा!

बसमध्ये तिनं माणसं मोजली. पुन्हा मोजली. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तिच्या जिवात जीव आला. "चला, उलो!" ती ड्रायव्हरला म्हणाली. बस समुद्राकडच्या वळणाला लागते न लागते तोच दुसऱ्या रांगेतल्या विनिफ्रेडबाई शेजारणीशी बोलता बोलता एकदम थांबल्या.

"अगं बाई! माझा हॅरोल्ड कुठाय?"

त्रीनू गर्रकन मागे वळली. "असतील इथेच! मोजणी बरोबर आहे!"

"मोजणी बरोबर असेल गं बाळा, पण नवरा नाहीये."

तिनं धावत जाऊन सीटांच्या मधून पाहिलं. हॅरोल्ड नव्हते. मग आकडा जुळला कसा? एक माणूस गेला आणि आकडा तेवढाच राहिला, हे कसं शक्य आहे? ती मधल्या वाटेत उभी राहून पुन्हा मोजायला लागली. तेव्हा शेवटच्या सीटवरून एक हात हळूच वर आला.

"मला वाटतं... जास्तीचा माणूस मी आहे."

आस्गरनं रेनकोटाची बटणं काढली. नऊ नंबरच्या सगळ्या पाहुण्यांच्या छातीवर हिरवा बिल्ला चिकटवलेला होता. त्याच्या छातीवरचा पिवळा होता. दुसऱ्याच जहाजाचा.

विनिफ्रेडबाईसुद्धा नवऱ्याला विसरून बघत राहिल्या.

"तुम्ही..." त्रीनूनं पाटी त्याच्यावर रोखली. "तुमच्यामुळे मी एक धडधाकट माणूस मागे टाकून निघाले होते!"

"मला कल्पना नव्हती. शपथ. तुम्ही मोजलंत, आकडा जुळला, तुम्ही इतक्या खूश झालात... मला वाटलं, कुणीतरी आधीच कमी असेल. म्हणजे माझं मीच ठरवलं. मूर्ख आहे मी."

"आहातच!"

बस उलट फिरली. हॅरोल्ड एका कॉफीच्या दुकानात सापडले. समोर केकची रिकामी बशी, हातात भरलेली बशी. विनिफ्रेडबाईंनी खिडकीतूनच त्यांना पाहून उसासा टाकला. "तक्रार कसली करतेय मी? त्याला अजून थोडा वेळ इथेच ठेवलं असतंत तरी चाललं असतं."

तेवढ्यात बंदराकडून लांब, जड भोंगा वाजला. आस्गर सीटवरून उठून खिडकीशी गेला.

"तुमचं?" त्रीनूनं विचारलं.

"माझं. तुमच्या जहाजाच्या आधी सुटतं. आई आहे जहाजावर... एकटी." त्यानं फोन कानाला लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचललाच नाही.

नऊ नंबरच्या माणसांना त्यांच्या जहाजाच्या शिडीशी सोडून त्रीनू त्याच्याबरोबर दुसऱ्या धक्क्याकडे धावत सुटली. पाटी अजून तिच्या हातातच होती. दुसऱ्या जहाजाचा प्रवासी तिच्या तुकडीत सापडला, वर त्याचं जहाजही चुकलं... माइमूबाईंना एवढं पुरेसं होतं. धक्क्याच्या टोकाला दोघं धापा टाकत थांबले. समोर नुसतं पाणी होतं. पांढरं जहाज तोंड वळवून निघालं होतं आणि सीगल पक्षी त्याच्यामागे कलकलाट करत होते.

"तुमची तुकडी कुठली होती?" ती ओरडलीच.

"चौदा."

"चौदा आणि नऊ! पिवळा आणि हिरवा! कुणी चुकेल का असं?"

"चुकलो नाही."

"म्हणजे?"

त्यानं ओले केस मागे सारले. "मागच्या वर्षी मी नऊमध्ये होतो. तुमच्या नऊमध्ये. आईला घेऊन आलो होतो. ती त्या चढावर घसरली, आणि तुम्ही तिचा हात धरलात तो बस येईपर्यंत सोडला नाहीत. ती डुगडुगणारी पायरीही तुम्हीच दाखवलीत. सगळा वेळ गाणं म्हणत होतात, तिला भीती वाटू नये म्हणून."

त्रीनूचा हात तोंडावर गेला. "लाल टोपीवाल्या बाई! बिर्टे! त्यांना कशी विसरेन? पूर्ण रस्ताभर मला माझ्या लग्नाचं विचारत होत्या!"

"हो. आणि मी..."

"तुम्ही होतात?"

"मागे होतो. तिची पर्स आणि छत्री धरून."

त्रीनूला हसू की रडू कळेना. पर्स आठवत होती तिला. भली मोठी, तपकिरी पर्स. धरणारा आठवत नव्हता.

"तुम्ही चेहरे लक्षात ठेवत नाही," आस्गर म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतंत. बसमध्ये. सगळे हसले होते, मला नव्हतं हसू आलं. या वर्षी पुन्हा आलो, तर जहाजवाल्यांनी चौदा नंबर दिला. मग पाऊस आला, सगळे निळे झाले... म्हटलं, एकदाच बोलावं, आणि वेळेत परत फिरावं. बोलायचं होतं ते मात्र एक अक्षर बोललो नाही. झेंड्यावर बोलत बसलो. तुमची नोकरीसुद्धा जायची माझ्यामुळे. मी सांगतो त्यांना, मी एकटाच भटकत होतो."

"कुणाला सांगता?"

"त्यांना." आस्गरनं शेडकडे बोट केलं.

शेडखालून कारेलकाका येत होते. जहाजाचा माणूस मागे राहिला, की त्याची केबिन उघडून पासपोर्ट काढायचा आणि जहाजाच्या बंदरावरच्या माणसाकडे सोपवायचा, अशी पद्धत. तो माणूस म्हणजे कारेलकाका. पासपोर्टचं पाकीट तेवढं हातात घेऊन ते उभे असायचे, आणि धावत येणाऱ्यांची तोंडं बघून मिशीत हसायचे. आज मात्र त्यांच्या एका हातात पाकीट होतं, आणि दुसऱ्या हातानं ते एक चाकांची बॅग ओढत होते.

"मी एकटाच भटकत होतो," आस्गर घाईघाईनं म्हणाला. "या बाईंचा काही संबंध नाही."

त्रीनूनं त्याच्याकडे पाहिलं. गप्प राहिली असती, तर पाटी वाचली असती. पण तिला ते जमेना.

"खोटं आहे, काका. माझ्या तुकडीत होता. मी मोजला होता त्याला."

कारेलकाका दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "मोजा की, माझं काय जातंय? मागे राहिलाय कोण? यांच्या आईनं सकाळीच जहाजाला कळवलं – मुलगा इथे उतरणार आहे, पुढे येणार नाही. सगळं रीतसर."

"काय?" दोघं एकदम ओरडले.

"इतकी वर्षं पासपोर्ट सांभाळतोय, पण इस्त्री केलेल्या शर्टांची बॅग आज पहिल्यांदा बघतोय. लाल टोपीवाल्या बाई स्वतः खाली येऊन देऊन गेल्या. म्हणाल्या, धावत येईल तो, त्याला सांगा, आता धावायचं काम नाही." बॅग तिथेच ठेवून काका मिशीत हसत निघून गेले.

आस्गर मटकन बॅगेवर बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचा आवाज त्रीनूलाही स्वच्छ ऐकू येत होता.

"आई! अगं, हे काय केलंस तू?"

"ओरडू नकोस. डेकवर बसून कॉफी पितेय मी. वर्षभर टालिन, टालिन ऐकून माझे कान किटले. आता उरलेली गावं मला निवांत बघू दे."

"पण मी तर फक्त बोलायला..."

"तुला मी ओळखत नाही होय? पाऊस, झेंडा आणि बदाम, यापलीकडे गेलास का? ती आहे का तिथे?"

"...आहे."

"मग माझ्याशी काय बोलत बसलायस?" फोन बंद झाला.

पाऊस केव्हाच थांबला होता. जहाज दूरवर लहान होत चाललं होतं, आणि रोजच्यासारखं त्याच्याकडे बघताना त्रीनूला रोजच्यासारखं रिकामं वाटत नव्हतं. तिला त्याचीच भीती वाटली. तिनं उगाच पाटीचा दांडा पुसला.

"हेलसिंकीची बोट आहे संध्याकाळी," आस्गर खाली बघत म्हणाला. "जहाज उद्या तिथेच असेल. आईनं ठरवलं म्हणून तुमच्यावर काही बंधन नाही. तुम्ही म्हणाल, तर तिकीट काढतो."

त्रीनूनं पाटी खाली टेकवली. मग एकदमच बोलली, आणि स्वतःच्याच आवाजानं चकित झाली.

"प्रत्येक वळणावर मी मागे बघत होते आज. मोजायला नव्हते बघत."

त्यानं मान वर केली. ते सकाळपासून दाबून ठेवलेलं हसू आता पूर्ण चेहराभर पसरलं.

"मग तिकीट?"

"काढायचं तेव्हा काढ. आज नको." ती 'काढ' म्हणाली होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं, आणि तिनं ते बदललं नाही. "झेंडा न्यायचाय ना तुला? रांग मोठी आहे."

"मला घाई नाही," तो म्हणाला आणि बॅगेचा दांडा धरून उठला.

त्रीनूनं नऊ नंबरची पाटी उंच धरली. निघण्याआधी माणसं मोजायची तिची सवय काही सुटली नव्हती. तिनं त्याच्याकडे बोट केलं.

"एक."

गाइड स्वतःला कधीच मोजत नाही. ती तुकडीतली नसतेच, ती किनाऱ्यावरच राहायची असते. त्रीनू क्षणभर थांबली... आणि मग तेच बोट तिनं स्वतःकडे वळवलं.

"दोन," ती म्हणाली. "चल, जुळलं."