चौथी ओळ अजून जहाजावर आहे

"जरा किल्ली देता का? ती, तुमच्या हातातली."

रस्त्यात कुणी असं विचारलं तर ऐकलं नाही असं दाखवून चालू लागावं, हे मला ठाऊक होतं. मी थांबले.

मद्रासच्या मांबलम स्टेशनाबाहेर गुंडोरावांचं रेडिओचं दुकान आहे. काउंटरवर ग्रामोफोन होता आणि त्यावर लाल, आरपार दिसणारी, पापडाहून पातळ अशी एक तबकडी फिरत होती. फिरत कसली... घसरत होती. विचारणारा तरुण तिच्यावर वाकला होता. त्याच्या कॉलरवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा तसलीच लाल धूळ होती.

"घराची किल्ली आहे," मी म्हटलं.

"तीन मिनिटांचं काम. तबकडी हलकी आहे, वर वजन पाहिजे."

"गुंडोरावांकडे वजन नाही?"

"मी रेडिओ विकतो, पोरी. तांदूळ नव्हे," गुंडोराव आतून ओरडले.

मी किल्ली दिली. तिचं भोक ग्रामोफोनच्या मधल्या खिळ्यावर नेमकं बसलं, तबकडी शहाण्यासारखी फिरू लागली... आणि एक मुलगी गाऊ लागली. शब्द एकही कळला नाही. चाल मात्र ओळखीची होती. सा, रे, ग, प, ध. मोहनम् राग! कुठल्या तरी दूरच्या देशात कुणी मोहनम् गात सायकलवरून निघालं होतं.

मला जाता येईना. माझी किल्ली फिरत होती.

"जपानी," तो म्हणाला. "तिकडे मुलींच्या मासिकांबरोबर अशी तबकडी फुकट देतात. गाणी त्यांच्याच वयाची. शाळा, मैत्रिणी, समुद्र... मी राघोत्तम. हार्बरात लोखंडाची माती तपासतो. तिकडच्या तपासनिसानं दिली."

"अर्थ काय आहे?"

त्यानं खिशातून छापील कागद काढला, उलटा धरला, मग सुलटा. "मला जपानी येतं ते एवढंच — ओलं, कोरडं, किती टन. पण पुढचं जहाज लागलं की विचारतो. तुम्ही... परत इकडून जाल ना?"

"मी रोजच इकडून जाते," मी म्हटलं.

ही १९६४ सालच्या जुलैमधली गोष्ट. मी बंदरासमोरच्या फर्स्ट लाइन बीच रस्त्यावर एका जहाज-एजंटाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. अम्माला जाऊन सहा महिने झाले होते. वर्ष सरेपर्यंत घरात सण नाही, गाणं नाही. रेडिओवर अप्पांनी धुवट पंचा घातला होता. तशी मलाही गाण्याची गरज उरली नव्हती. मला येणारं प्रत्येक गाणं अम्मानं शिकवलेलं होतं. तोंड उघडलं की तिची बोटं मांडीवर ताल धरताना दिसत, आणि आवाज तिथेच थांबे.

त्या लाल तबकडीत अम्मा नव्हती. म्हणून मी रोज थांबू लागले. निदान स्वतःला तेच कारण सांगत होते.

ऑगस्टमध्ये पहिली ओळ आली. राघोत्तमनं ती कानात सांगावी तशी सांगितली, "शाळेची शेवटची घंटा झाली."

"एवढंच?"

"जहाजावर फार घाई असते हो. एकेक ओळ मिळते."

सप्टेंबरात दुसरी. "उतार लागला, तरी मी ब्रेक दाबला नाही."

"शहाणी मुलगी," मी म्हटलं.

"पडली म्हणजे?"

"पडली तर पडली. तुम्ही आहात ना वजन ठेवायला."

गुंडोरावांच्या हातातला स्क्रू खाली पडला. ते बराच वेळ काउंटरखाली तो शोधत राहिले.

ऑक्टोबरात तिसरी. "केसांतली रिबन वाऱ्यानं नेली." सांगताना राघोत्तमनं माझ्या वेणीकडे पाहिलं, आणि लगेच रेडिओंच्या किमतींकडे. तोवर मूळ जपानी गाणं मला शब्दन् शब्द पाठ झालं होतं.

त्याच आठवड्यात तंजावरहून अत्त्या आली. "वर्षाच्या आत पोरीचं लग्न होऊन जाऊ दे," ती अप्पांना म्हणाली. "नंतर तू एकटा काय बघणार?" कुंभकोणमचं स्थळ तिनंच आणलं. मुलगा चंद्रमौळी, बँकेत. घर मोठं. मुलीला नोकरी सोडावी लागेल, आणि मद्रासही.

रविवारी ते आले. चंद्रमौळीच्या आईनं माझ्या टाइपिंगबद्दल ऐकून घेतलं, उंची नजरेनं मोजली आणि म्हणाली, "एक गाणं म्हण बघू."

अत्त्या कुजबुजली, "अम्माचं म्हण गे. देवाचं आहे, चालतं."

मी डोळे मिटले. अम्माची बोटं. मांडी. ताल... आवाज निघेना. अप्पांची खुर्ची करकरली.

मग मी डोळे उघडले आणि ते दुसरं म्हटलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, न चुकता, न थांबता. उताराच्या जागी तर मी हसतसुद्धा होते.

"मोहनम्!" चंद्रमौळीची आई खूश झाली. "कुणाची रचना, कुणाची कृती?"

खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळलं असतं?

"कृती नाही. जपानी मुलींचं गाणं आहे," मी म्हटलं. "शाळेची शेवटची घंटा झाली, उतार लागला तरी मी ब्रेक दाबला नाही, केसांतली रिबन वाऱ्यानं नेली."

"आणि पुढे?" चंद्रमौळीनं विचारलं. त्याचे डोळे हसत होते.

"चौथी ओळ अजून जहाजावर आहे."

त्याच्या आईनं कॉफीचा पेला खाली ठेवला. "हुशार आहे मुलगी," ती म्हणाली, आणि त्या तीन शब्दांत कुंभकोणम संपलं. जाताना चंद्रमौळी दारात थांबून हळूच म्हणाला, "चौथी ओळ आली की ब्रेक नसलेल्या सायकलवरून मलाही पाठवा." मला तो आवडला. पण तेवढाच.

अत्त्या कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेली. अप्पा खिडकीपाशी उभे होते.

"नऊ महिन्यांनी तुझा आवाज ऐकला," ते म्हणाले. मग, "हे गाणं तुला दिलं कुणी?"

मी नाव सांगितलं. काम सांगितलं. मान खाली न घालता सांगितलं.

"पुढच्या रविवारी बोलाव त्याला. चौथी ओळ घेऊन येऊ दे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानात शिरले. "चौथी ओळ?"

"जहाज अजून लागलं नाही हो..."

"राघोत्तमराव, सप्टेंबरात मद्रासला एकही जपानी जहाज लागलं नाही. जहाजांची यादी दर सोमवारी मी टाइप करते."

लाल धुळीखालीसुद्धा माणूस लाल झालेला दिसतो.

"म्हणजे... तुम्हाला दुसऱ्या ओळीपासून ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तिसरी ऐकायची होती."

त्यानं खिशातून तोच कागद काढला. मागे पेन्सिलीनं चारही ओळींचा अर्थ लिहिला होता. खाली तारीख, तीन ऑगस्ट. "सगळ्या एकदम दिल्या असत्या," तो म्हणाला, "तर तुम्ही परत कशाला थांबला असता? माझं घर सैदापेटला आहे. चार महिने रोज एक स्टेशन आधी उतरतोय मी."

"वाचा ती ओळ."

त्यानं कागदाकडे पाहिलंच नाही. "ने, वाऱ्या, रिबन ने. केस तर माझेच आहेत."

एवढीच. मला ती पुरली.

"रविवारी चार वाजता अप्पांनी बोलावलंय," मी म्हटलं. "शर्ट धुऊन या."

"आणि त्यांना सांगू काय?"

"आत्ता मला जे सांगणार आहात, तेच."

त्यानं ते सांगितलं. गुंडोराव पुन्हा काउंटरखाली गेले होते, तरी हळूच सांगितलं.

मग त्यानं तबकडी चढवली आणि सवयीनं हात पुढे केला. आता घरी अत्त्या होती, दार उघडंच असणार होतं. पण सकाळी निघताना किल्ली मी मुद्दाम पर्समध्ये टाकली होती.