बारा धर्म आणि एक मुंडासं

"तेरावा कुठाय?"

मी स्टुलावर उभी राहून व्हिएतनामचा तक्ता सरळ करत होते, तेवढ्यात पाठीमागून हा प्रश्न आला. मी दचकून वळले. एक उंच, सावळा तरुण उभा होता. बाहीला वाळलेल्या गवताचं पातं चिकटलेलं, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू परीक्षेच्या पेपरातली चूक यालाच सापडली आहे!

"बाराच आहेत," मी म्हटलं. "मोजा हवं तर."

"मोजले ना. दोनदा मोजले. म्हणून तर विचारतोय."

आमचं बोलणं अर्थातच तमिळमध्ये चाललं होतं. तंजावूरच्या एका छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. घरी आम्ही मराठी बोलतो, तीही अशी, की पुण्याचा माणूस ऐकेल तर आधी हसेल आणि मग विचारात पडेल. त्या मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, मी वाचनालयाच्या हॉलमध्ये एक प्रदर्शन लावलं होतं. 'जगातले अनोळखी धर्म'. इराकच्या नदीत पांढरे कपडे घालून पुन्हा पुन्हा बुडी मारणारे मँडियन. मोराच्या रूपातल्या देवदूताला मानणारे यझिदी. जगात मोजून काहीशेच उरलेले शोमरोनी. डाव्या डोळ्याची पूजा करणारे व्हिएतनामचे काओ दाई. चार महिने खपून मी हे बारा तक्ते लिहिले होते. आणि हा गवतवाला येऊन तेरावा मागत होता!

"कुणाचा राहिला?" मी जरा ठसक्यातच विचारलं.

"माझा."

"तुमचा... काय?"

"माझा धर्म. अय्यावळी. नागरकोविलकडे आमची लाखो माणसं आहेत. तुमच्या शोमरोनींपेक्षा जास्तच भरतील." तो हसला. "आणि आमचं एक देऊळ इथून दोन किलोमीटरवर आहे. नव्या बसस्टँडच्या पलीकडे, माझ्या अत्तैच्या गच्चीवर."

माझे कान तापले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! व्हिएतनामपर्यंत जाऊन आले आणि बसस्टँड ओलांडायचा राहिला.

"मला... माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"कुणालाच नसतं. येत्या रविवारी दुपारी या. बघा आणि मग लिहा." दारापर्यंत जाऊन तो वळला. "मी सुयंबू. ओरत्तनाडूजवळ गाईबैलांचा डॉक्टर आहे. ते गवत... मला कळलंय तुम्ही मघापासून तिकडेच बघताय."

छे! मी काही तिकडे बघत नव्हते. म्हणजे... फक्त तिकडे बघत नव्हते.

रविवारी मी तीन साड्या बदलल्या आणि शेवटी पहिलीच नेसून गेले. अत्तैचं घर साधं, दारात ठसठशीत कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी. अत्तै म्हणजे सुयंबूची आत्या, साठीची, बुटकी आणि मोठ्या आवाजाची बाई. तिनं माझ्या कपाळाला पांढऱ्या मातीची उभी रेघ ओढली, ज्योतीसारखी. "हा नामम," ती म्हणाली, "जा वर. सुयंबू मुंडासं बांधून येतोच."

वर एकच खोली होती. उंबऱ्याच्या आत दोन समया तेवत होत्या आणि त्यांच्या मधोमध एक मोठा आरसा, भगव्या कापडाच्या चौकटीत. मूर्ती कुठे दिसेना. मला वाटलं, देव अजून आणायचे असतील, तयारी चालली असेल. जिन्यानं घाम फुटला होता, अत्तैच्या अंगठ्यानं माझी टिकली सरकली होती, आणि समोर आयता आरसा! मी उंबऱ्याशी वाकले, टिकली सरळ केली, गजरा नीट खोचला, भुवईवरून बोट फिरवलं...

मागे कुणीतरी श्वास रोखल्याचं ऐकू आलं. आरशातच पाहिलं तर जिन्याच्या तोंडाशी पाच-सहा माणसं हात जोडून उभी होती.

"हा... हाच देव आहे का?" मी कसंबसं विचारलं.

धरणी दुभंगेल तर बरं असं मला झालं. मग अत्तैच इतक्या जोरात हसली की समयांच्या ज्योती हलल्या असाव्यात. "अगं, घाबरतेस काय? आम्ही इथं मूर्ती ठेवतच नाही. आरशात जो दिसतो त्याच्यात अय्या, म्हणजे आमचा देव, आहे असं म्हणतो. आम्ही नुसते हात जोडतो, तू त्याला सजवलंस! बरोबरच केलंस की."

सगळे हसले आणि माझा जीव भांड्यात पडला. मी पुन्हा समोर पाहिलं. आणि तेव्हा आरशात, माझ्या खांद्यामागे, तो दिसला. डोक्याला भगवं मुंडासं, कपाळावर तीच पांढरी ज्योत, देवळाच्या रीतीप्रमाणे अंगात शर्ट नाही. मी लगेच नजर चौकटीकडे वळवली. मग परत आणली. तो हसत नव्हता, नुसता बघत होता. समोरासमोर बघायला आम्हाला दोघांनाही लाज वाटली असती, आरशात मात्र वाटली नाही. माझ्या छातीत लग्नातला ढोल-सनईचा मेळम वाजायला लागला!

खाली अन्नधर्माच्या, म्हणजे येईल त्याला जेवू घालायच्या, पंगतीत आम्ही शेजारी बसलो. भात, सांबार, भोपळ्याची भाजी.

"मुंडासं का बांधता?" मी विचारलं. मला तेराव्या तक्त्यासाठी माहिती हवी होती. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

"दोनशे वर्षांपूर्वी आमच्या जातीच्या लोकांना ते बांधायची बंदी होती," तो म्हणाला. "डोक्याला कापड गुंडाळलं तर मार पडायचा. तेव्हा माणसाच्या रूपात आलेल्या अय्यांनी सांगितलं, तुम्ही सगळे राजे आहात, माझ्यासमोर डोकं बांधूनच या. म्हणून आमच्यात पुरुष बोडक्या डोक्यानं देवासमोर जात नाहीत."

"आणि बायका?"

"बायकांना काय, त्या राण्याच. त्यांनी आरशासमोर गजरा खोचावा."

मी त्याच्या पानात माझं लिंबाचं लोणचं ढकललं. दुसरं काय करणार?

त्यानंतरचे सगळे रविवार माझे त्या गच्चीचे झाले. तेरावा तक्ता तीन आठवड्यांत लिहून झाला, तरी माझे प्रश्न काही संपेनात! पुढच्या, पंगुनी महिन्यातल्या एका संध्याकाळी आम्ही तिरुवैयारुला कावेरीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. नदीत गुडघाभर पाणी, वारा मात्र भरपूर.

"माझे पेशंट बोलत नाहीत," तो म्हणाला. "मला पोटावरून हात फिरवून ओळखावं लागतं कुठं दुखतंय ते."

"मी बोलते की. मला विचार." 'तुम्ही' केव्हा गळून पडलं होतं, कुणास ठाऊक.

"विचारतो. कुठं दुखतंय?"

"सोमवार ते शनिवार... सगळीकडे."

त्यानं पायरीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग हळूच म्हणाला, "शांभवी, मला तू हवी आहेस. रविवारपुरती नाही. तुझ्या घरी येऊन सांगू?"

हो, हो, हो! मला पायऱ्यांवरून ओरडावंसं वाटलं. पण तोंडातून भलतंच आलं, "आधी मला अप्पांना विचारू दे."

कारण अप्पांच्या 'हो'शिवाय मला चालणार नव्हतं. पळून जाऊन, आईबापांना रडवून लग्न करणाऱ्यांतली मी नव्हे. मला सुयंबू हवा होता आणि लग्नात अक्षता टाकणारे अप्पाही हवे होते. एक जरी हुकला तरी माझा सगळा आनंद अर्धा.

अप्पा म्हणजे सूर्यनारायण राव, रिटायर्ड हेडमास्तर. माझ्या प्रदर्शनाचं उद्घाटन त्यांनीच केलं होतं. सगळे धर्म म्हणजे एकाच समुद्राला मिळणाऱ्या नद्या, असं वीस मिनिटं बोलले होते. म्हणून मला आशा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टवऱ्याच्या वाटीतला कॉफीचा पेला त्यांच्या हातात देऊन मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

कॉफी निवली.

"आरसा?" अप्पा म्हणाले. "आरशाला नमस्कार करतांत ते? पुरोहित नाहीं, होम नाहीं, सप्तपदी नाहीं. लग्न म्हणून कसं म्हणायचं त्याला? आमचे पणजोबा राजवाड्यांत पगडी घालून बसत होते, पोरी. लोक काय म्हणतील?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "अप्पा, बारा धर्म भिंतीवर टांगले तेव्हां तुम्ही टाळ्या वाजवलांत. तेरावा घरीं येतों म्हणतो, तर लोक आठवतांत! लोकां सांगे ब्रह्मज्ञान..."

"पुरे!" म्हणाले अप्पा. पुढचे शब्द मी गिळले आणि आत जाऊन रडले.

आई, भामा तिचं नाव, दारातून फक्त एवढंच म्हणाली, "पाहिल्याखेरीज नको म्हणून म्हणूं नका. शाळेंत तरी पेपर वाचल्याखेरीज मार्क देत होतांत का?"

अप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी शनिवार होता. रात्री जेवता जेवता त्यांनी ताटाकडे बघतच सांगितलं, "उद्यां येतों मी. पाहून येतों. असकें सगळें पाहतों, मग सांगतों."

मला रात्रभर झोप नाही! सुयंबूला मेसेज केला, 'अप्पा येताहेत.' त्याचं उत्तर आलं, 'मी आत्ताच एका म्हशीची सुटका केली आहे. हात थरथरत नव्हते. आता थरथरताहेत.'

रविवारी अप्पा निघाले ते बगलेत पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात पणजोबांची पगडी! पुरुषांनी डोकं बांधूनच आत जायचं हे मी सांगितलं होतं, आणि अप्पांनी ठरवलं होतं, की जायचंच तर राजवाड्याच्या इतमामानं जायचं. ऑटोत ते डबा मांडीवर घेऊन एखाद्या वकिलासारखे बसले होते.

अत्तैनं त्यांना नामम लावला. गच्चीवर माणसं जमली होती. सुयंबू कोपऱ्यात हात जोडून उभा. अप्पांनी शर्ट काढून ठेवला, डबा उघडला आणि शिवून तयार असलेली ती लाल, जरीची पगडी दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर ठेवली.

ती थेट कानांवर घसरली.

अप्पांनी ती मागे सारली, तर ती मागे पडायला लागली. पुढे ओढली, तर डोळे झाकले. पणजोबांचं डोकं नक्कीच मोठं असणार! एक पोर खुदकन हसलं. अप्पांचा चेहरा पडला. हेडमास्तरांना असं उभं राहिलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. आता हे पाय आपटत जिना उतरणार, आणि सगळं संपणार...

सुयंबू पुढे झाला. त्यानं पगडी अलगद उतरवून दोन्ही हातांनी डब्यात ठेवली. मग आपल्या खांद्यावरचा भगवा पंचा झटकला. इतके दिवस त्यानं अप्पांचा उल्लेख 'सार', म्हणजे सर, असाच केला होता. आता तो म्हणाला, "मामा, मी बांधू?"

मामा! तमिळमध्ये सासऱ्याला म्हणतात तसं! अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि मग मान थोडी खाली केली, उंच मुलाला सोपं जावं म्हणून नाही, कारण तो उंचच होता. त्यांनी आपणहून केली.

सुयंबूनं पंचा कपाळावर धरला, एक वेढा, दुसरा, तिसरा, आणि टोक आत खोचलं. बोटं आता अजिबात थरथरत नव्हती.

"कोणी शिकवलं तुला?" अप्पांनी तमिळमध्ये विचारलं.

"आजोबांनी. त्यांना त्यांच्या आजोबांनी. त्यांच्याही आजोबांना हे बांधलं म्हणून भर बाजारात फटके बसले होते. ते घरी आले आणि पुन्हा बांधलं."

अप्पा उंबऱ्यापाशी गेले आणि समयांसमोर बराच वेळ उभे राहिले. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. आमच्या घरात पगडीचं कौतुक दीडशे वर्षं चाललं होतं. आणि आमच्यातल्या एकालाही डोक्याला कापड बांधता येत नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. अप्पांनाही तेव्हाच कळलं असावं.

खाली पंगतीत ते मुंडासं न काढता जेवले. दोनदा भात घेतला. भोपळ्याची भाजी छान आहे म्हणाले. मी भात नुसता कालवत बसले होते. समोर सुयंबूचीही तीच गत. अप्पांनी सावकाश हात धुतले, सावकाश पुसले, आणि अंगणात येऊन बाकावर बसले. मी आणि सुयंबू समोर उभे, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे.

"अप्पा..." मी म्हटलं, "काहींतरी बोला की."

त्यांनी डोक्यावरचं मुंडासं उतरवलं. गुंडाळलेला पंचा सोडून मांडीवर सरळ केला आणि सुयंबूपुढे धरला.

"पुन्हा बांधून दाखव," ते म्हणाले. "सावकाश. मला शिकायचं आहे."

"कधीही सांगा मामा, मी येऊन बांधीन की."

"अरे, रोजचं ठीक आहे," अप्पा म्हणाले. "पण लग्नाच्या दिवशी तू नवरा असणार. माझं कोण बांधेल?"

सुयंबूच्या हातातून पंचा खाली पडला. अत्तैनं घरातून मोठ्यानं आरोळी ठोकली, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी! मी तिथेच, भर अंगणात, अप्पांच्या गळ्यात पडले आणि रडले. आणि रडता रडता सुयंबूला सांगितलं, की पंचा उचल आधी... अप्पांना शिकायला वेळ लागतो!