या हं, अज्जी

चामराजपेटच्या बाजारातून पवित्रा लाकडी फणी घेऊन निघाली, तेव्हा दुपार कलली होती. फणी गोजराबाईंसाठी होती. घ्यायला फार उशीर झाला होता, हे तिलाही ठाऊक होतं.

ह्यूस्टनच्या चर्चमधल्या मुलामुलींबरोबर ती सुट्टीत सेवेला आली होती. नाव उन्हाळी सेवा. बंगळुरात मात्र रोज आभाळ खाली उतरलेलं. सुरुवातीला तर कुकरच्या शिट्टीलाही ती दचकायची. मराठी येतं म्हणून गटाच्या प्रमुखांनी तिला गल्लीतल्या गोजराबाईंकडे धाडलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला तिनं घाबरतच विचारलं, प्रार्थना करू का?

"तुझा देव बसू दे स्वल्प," म्हातारी म्हणाली. "तू आधी माझी वेणी घाल. सुनेची फणी बोचते, आणि सून फणीपेक्षा."

पवित्रानं बोटांनीच केस विंचरून वेणी घातली. खोलीत कापूर, खोबरेल आणि आजारपणाचा कोंदट वास. निघताना ती दारातून म्हणाली, "या हं, अज्जी."

तिची आजी ह्यूस्टनला दारात उभी राहून पाहुण्यांना हेच म्हणायची. आजी कायम घरची, पाहुणी कधीच नाही. म्हणून निरोप म्हणजे 'या', असंच पोरीच्या कानाला बसलेलं. जाणारीनं 'येते' म्हणायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

गोजराबाई खुदकन हसल्या. "अगं, मला कूस बदलवत नाही, आणि बोलावतेस कुठं?" मग दाराकडे बघत म्हणाल्या, "किती वर्षांत कुणी 'या' म्हटलं नाही गं. राहतेस कुठं?"

"चर्चच्या मागं. माडीवर."

"सरी, बरं. येते मी."

पवित्रा पुन्हा गेलीच नाही. आज एचएसआर लेआउटला शिबिर, उद्या डोकं दुखतंय... खरं म्हणजे त्या वासाची, त्या हाडकुळ्या हातांची तिला भीती वाटायची. मन खात राहायचं, आणि सकाळ झाली की नवी सबब सापडायची.

आज हिय्या करून ती निघाली होती. वाटेत छत्रीसाठी मुक्कामी वळली. पायरीवर स्वयंपाकीण यल्लव्वा तांदूळ निवडत होती.

"अक्का, पाहुणी आलीय बघ तुझी. म्हातारी. वर चहा दिलाय मी."

"कोण म्हातारी?"

"नाव कुठलं सांगतीय! 'पोरीनं या म्हटलंय' एवढंच. लई दमली होती, पण जिना एकटीच चढली की."

पवित्रा जिन्याकडे वळली. जिना चढताना फोन वाजला. गोजराबाईंचा मुलगा, रघुजी.

"अक्का, आई सकाळी गेली. शेवटपर्यंत एकच घोकत होती... वेणी घाला, मला जायचंय, ती पोर वाट बघत असंल."

माडीवरची खोली रिकामी होती. चहावर साय धरलेली. खाटेची चादर एका जागी खोल दबलेली, कुणी टेकल्यासारखी. आणि ती दबलेली जागा वर येत नव्हती. खोबरेलाचा वास. आणि जिना चढून आलेल्या माणसाची, थांबून थांबून लागणारी धाप.

पळावंसं वाटलं, तरी ती उंबऱ्यातच थांबली.

"अज्जी... माझं चुकलं. मी यायला हवं होतं."

चादर आणखी जरा दबली.

आता हिला निरोप कसा द्यायचा? निरोपाचा तिला येणारा एकच शब्द, आणि तो तर बोलावण्याचा. दुसरा शब्द जिभेवर येईना; आला तो हुंदक्यासारखा.

"जा... अज्जी. घरी जा."

बोलली, आणि वाटलं, हिला आपण दुसऱ्यांदा टाकलं.

धाप थांबली. चादर हळूहळू सपाट झाली. किती वेळ गेला कळलं नाही. अंधारून आलं होतं. तिनं जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारली, "यल्लव्वा! वर ये ना जरा..."

खाली तांदळाचं ताट खणकन पडलं.

"कोण... कोण हाय वर?"

"मी. पवित्रा."

"चेष्टा नको गं आई..." यल्लव्वाचा आवाज कापत होता. "पवित्रा तर आत्ता माझ्या समोरून गेली. म्हातारीला हाताला धरून."

आणि जिन्याच्या दाराला खालून कडी पडली.