कूलरच्या पलीकडची यमुताई

कूलरसाठी खसच्या ताट्या घ्यायला सरिता नागपूरच्या महाल भागातल्या बाजारात गेली, तेव्हा एप्रिल सरत आला होता. घरमालकांनी खोलीबरोबर कूलर दिला होता, पण त्याच्या ताट्या कुजून गेलेल्या. दुकानदाराने माप विचारलं, ताट्या सुतळीने बांधल्या आणि वर म्हणाला, "पहिल्या दिवशी चांगल्या भिजू द्या ताई, मंग पाहा कसा सुगंध सुटते." ड्यूटीबाहेर कोणी तिच्याशी इतकं लांबलचक बोललं, ते नागपुरात आल्यापासून पहिल्यांदाच. ऑटोत मांडीवर ताट्या घेऊन बसताना तिला उगीचच बरं वाटलं.

तशी लेआउटमधली, म्हणजे त्या वस्तीतली, माणसं वाईट नव्हती. वेळच जुळत नव्हती. सरिता उमरेडकडची. एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती, आणि नवीन म्हणून सगळ्या रात्रपाळ्या तिच्याच गळ्यात. सकाळी ती पेंगुळलेली परतायची तेव्हा लोक गाड्या काढून कामाला निघालेले. संध्याकाळी अंगणात पाणी मारून, खुर्च्या टाकून गप्पा रंगायच्या, तेव्हा ही डबा घेऊन फाटकाबाहेर. वर घरमालक चंपतराव आणि त्यांची बायको जिजाबाई. दोघं सज्जन, पण भाडेकरू म्हणजे आज हा तर उद्या तो, कुणाकुणाला जीव लावायचा, असा त्यांचा खाक्या.

गावीही आता तिची वाट पाहणारं कोणी नव्हतं. आई हिवाळ्यात गेली. भाऊ त्याच्या संसारात. कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, एकटीने जेवायचं, आणि भाजीत मीठ जास्त पडलं तर तेही स्वतःलाच सांगायचं. कधीकधी तिला रडू यायचं, आणि रडूसुद्धा आवाज न करता, कारण विचारायला कोणी येणार नाही याची खात्री करून घ्यायला तिला नको वाटे.

मे महिन्यातली नागपूरची दुपार ज्याने पाहिली नाही, त्याला सांगून कळायचं नाही. लोक उगीच मध्यरात्रीला भितात. मध्यरात्री निदान कुत्री भुंकतात. भर दुपारी बारानंतर सगळी दारं लागतात, पडदे ओढले जातात, पांढऱ्या उन्हात रस्ता नुसता पडून राहतो. ऐकू येते ती घरोघरच्या कूलरची घरघर. तेवढ्यावरून समजायचं की आत माणसं आहेत.

सरिताचा कूलर खिडकीत बसवलेला होता. खिडकी त्याने पूर्ण बुजली होती, त्यामुळे बाहेरचा बोळ दिसत नसे. बोळाच्या पुढच्या दाराला कुलूप. चंपतराव सकाळी वरून पाइप सोडून टाकी भरून देत. एकदा भर दुपारी टाकी आटली. ताट्या वाळल्या, खोलीत भट्टीसारखी हवा यायला लागली आणि सरिता घामाने डबडबून जागी झाली. तेवढ्यात कूलरच्या पलीकडे चपला वाजल्या. फट्... फट्... मग पाइप ओढल्याचा आवाज.

"बटन बंद कर वं बाई. पानी टाकतो."

ती अर्धवट झोपेत उठली आणि दाराजवळचं बटन बंद केलं. चालू कूलरमध्ये पाणी टाकायचं नाही, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पत्र्यात कधी करंट उतरेल सांगता येत नाही. पाण्याची धार पडू लागली. ओल्या खसचा गार वास खोलीभर पसरला.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"मी मागची. यमुताई म्हनते मले समदे. रातची जागलेली असशीन, झोप आता." मग जराशाने, "जेवली का वं?"

आई गेल्यापासून हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. टाकी आटायची, चपला वाजायच्या, सरिता बटन बंद करायची, आणि पाणी पडेपर्यंत दोघी ताट्यांच्या आडून बोलायच्या. यमुताईने तिला कधी आडनाव विचारलं नाही, लग्न का नाही झालं तेही विचारलं नाही. भाजी काय केली, पेशंट कसे आहेत, पाय दुखतात का, इतकंच. एकदा सरिताने आईचं सगळं सांगितलं, शेवटचे दिवस, सगळं.

"माय गेली का लेकीले कोनी इचारत नाही वं," यमुताई म्हणाली. "मी हाय ना."

सरिता ड्यूटीवर हसतमुख दिसू लागली. दुपारची वाट पाहत ती रात्र काढायची. आपलं असं एक माणूस या शहरात आहे, या एका गोष्टीवर तिचं सगळं उभं होतं.

एका सकाळी चंपतराव पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "काहून वं, तुहा कूलर एका टाकीत दिवसभर कसा चालते? आमचा तर दोनदा भरा लागते."

"मागच्या यमुताई भरतात ना दुपारी," सरिता म्हणाली.

चंपतरावांच्या हातातला पाइप गळून पडला. जिन्यात उभ्या जिजाबाईंनी कठड्याला धरलं.

"कोनी सांगतलं तुले हे नाव?" चंपतरावांनी हळूच विचारलं.

मग जिजाबाईंनीच सांगितलं. यमुताई मागच्या घरात एकटी राहायची. त्या वेळी या खोलीत पियुष नावाचा मुलगा होता, बुटीबोरीला कंपनीत, रात्रपाळीचाच. त्याचा कूलर यमुताई भरायची, कुणी न सांगता. "रोज त्याले हाक मारे, बटन बंद कर म्हने. एक दिवस तो गाढ झोपलेला. पोराची झोप मोडाले तिचा जीव नसंल झाला... तिनं तसाच पाइप लावला." जिजाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "तो सांजच्याले उठला. तवा समजलं."

चंपतरावांनी मग तो कूलर भंगारात दिला, बोळातला नळ काढला, मागच्या बाजूने भिंत घातली. त्यांनी बोळाचं कुलूप उघडून दाखवलं. मागे भिंत होती, पुरुषभर उंच. खाली महिनोन् महिने कुणी पाय न ठेवलेली धूळ.

"दुसरी खोली पाहून घे बाई," चंपतराव म्हणाले. "तवरोक दुपारी कूलर लावू नको."

भीती सरिताला वाटली, नाही कशी वाटेल? पण भीतीच्याही तळाशी दुसरंच काही खुपत होतं. जेवली का विचारणारं एकच माणूस, आणि तेही जिवंतांमधलं नव्हतं. त्या दिवशी ती अन्नाला शिवली नाही. आणि दुपारी, आपण हे का करतोय हे स्वतःलाही न विचारता, तिने कूलरचं बटन दाबलं.

टाकी आटली. वारा कोरडा झाला. सरिता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

फट्... फट्...

"बटन बंद कर वं बाई."

ती हलली नाही. डोळे गच्च मिटून तिने श्वास धरला. आपण झोपलोय असं वाटलं तर जाईल, परत जाईल...

"झोपली का वं?... थकली असशीन." आवाज एकदम खाली आला, झोपलेल्या लेकराजवळ बोलावं तसा. "राहू दे... राहू दे. उठू नको. मी टाकतो हळूच..."

पाइप ओढला गेला. पत्र्यावर बोटं टेकल्याचा बारीक आवाज आला. आणि सरिताला कळलं की आता काय होणार आहे. पुन्हा तेच. पुन्हा आपल्या झोपेसाठी.

"थांबा! यमुताई, थांबा!" ती ओरडली, धडपडत दारापाशी गेली, बटन बंद केलं.

पंखा फिरत फिरत थांबला. घरातली, लेआउटमधली, सगळ्या नागपुरातली घरघर थांबल्यासारखं झालं. मग पाण्याची धार पडू लागली.

"उठली काहून वं..." यमुताईचा आवाज कापत होता. "तो नोहता उठला."

सरिता जमिनीवर बसून हमसून हमसून रडली. आणि रडता रडता, आपल्याकडे फाटकापाशी कुणीही कुणाला म्हणतं तसं, सवयीने, मायेने ती म्हणून गेली, "या ना घरी, यमुताई. बसा थोडं." असं म्हणायचं असतं. येत कोणी नसतं.

पलीकडे धार थांबली.

"...येऊ?"

"या ना."

त्यानंतरचं तिला आठवत नव्हतं. रडून दमलेल्या मुलाला लागते तशी तिला झोप लागली असावी. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, कूलर बंदच होता आणि खोली मात्र गार होती. ती घाईघाईने आवरून, डबा न घेताच निघाली.

फाटकाशी जिजाबाई उभ्या होत्या. आज पहिल्यांदाच त्यांनी सरिताचा हात धरला.

"बरं झालं वं, तुह्याकडे कोनी आलं ते. एकटी भ्यायली असशीन म्हून मी दुपारी ताक घेऊन आली होती. तर आत दोघी बोलून राहिल्या होत्या, हसून राहिल्या होत्या. म्हटलं पाहुनी हाय, काहून मधात जा. लय वेळ चाललं तुमचं. तिचा आवाज काही समजे नाही, हळू बोले. तुहाच येत होता."

'मी तर झोपले होते,' असं सरिता म्हणणार होती. पण तोंडातून नुसती खरखर बाहेर पडली.

"पाह्य, बोलून बोलून घसा बसला," जिजाबाई हसल्या. "कोन होती वं? तू तिले म्हनत होती, उद्या मी येते तुमच्याकडे, दिवसभर राहते. उद्या सुट्टी हाय का तुही?"

सरिताला उद्या खरंच सुट्टी होती. ती सकाळीच दवाखान्यातून निघताना मिळाली होती, आणि तिने अजून कोणालाच सांगितली नव्हती.